विमा नसलेली गाडी आणि आपले घर
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



वर्धापनदिनाला काही उपयोगाचे बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. विषय घरातच होता. तो सर्वांसमोर मांडावा की नाही, एवढाच प्रश्न होता. मोटारीचा आणि स्कूटरचा विमा हा विषय ऐकून तुमच्यापैकी काहीजणींनी एकमेकींकडे पाहिले, ते माझ्या ध्यानात आले. "हे पुरुषांचे काम, एजंट येतो, आमचे हे सही करतात," असेच मीही म्हणत असे. त्या म्हणण्याची किंमत मला मोजावी लागली, म्हणून आज येथे उभी आहे.

आमची स्कूटर २०१९ सालच्या दसऱ्याला घेतलेली. ती माझ्या नावावर आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून असा नियम झाला की नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावयाचा. पाच वर्षे विमा म्हणजे पाच वर्षे निश्चिंती! कागद कपाटात, पातळांच्या घडीखाली गेला, आणि पाच वर्षे कधी सरली ते घरात कुणाच्या लक्षात राहिले नाही. गॅसचे पुस्तक, विजेचे बिल, मुलांची फी, सारे मी वेळेवर पाहते. पण २०२४ चा दसरा आला, स्कूटरला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिले आणि त्याच दिवसांत तिचा विमा संपला, हे मात्र मला कळले नाही.

पुढे २०२५ सालच्या संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात माझा धाकटा मुलगा सकाळी दूध आणावयास गेला. मंडईच्या वळणावर एक फुलवाल्या मावशी हाऱ्यात शेवंती घेऊन रस्ता ओलांडत होत्या. मुलगा भरधाव जात नव्हता. पण वळणावर त्याला मावशी दिसल्या नाहीत, ही चूक त्याचीच. मावशींच्या मांडीचे हाड मोडले. त्याने पळ काढला नाही, रिक्षात घालून त्यांना इस्पितळात नेले, हे मात्र आई म्हणून मला सांगितलेच पाहिजे. पोलीस आले. लायसन पाहिले, ते ठीक होते. आर. सी. बुक पाहिले, ते ठीक होते. मग विमा मागितला. मी कपाट उघडले, कागद काढला, आणि त्यावरची तारीख वाचून मला मटकन खाली बसावे लागले.

मैत्रिणींनो, विमा नसलेला गाडीवाला म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर कुणी बेपर्वा, दारू प्यालेला मनुष्य येतो. त्या दिवशी तो विमा नसलेला मनुष्य मी होते. गाडी माझ्या नावावर, म्हणून भरपाईची जबाबदारीही माझीच होती.

आता हा विमा म्हणजे काय, ते मला समजले तसे सांगते. गाडीचा मालक हा पहिला, विमा कंपनी ही दुसरी, आणि गाडीमुळे ज्याला इजा होते तो तिसरा, म्हणून त्याला थर्ड पार्टी म्हणावयाचे. हा विमा त्या तिसऱ्यासाठी असतो, मालकाच्या सोयीसाठी नव्हे. रस्त्याने पायी चालणाऱ्या अनोळखी माणसाला आपल्याकडून इजा झाली तर त्याला पैसे मिळावेत, ते देण्याची ऐपत मालकात असो वा नसो, एवढ्यासाठी कायद्याने तो सक्तीचा केला. आपल्या देशात १९३९ च्या मोटार कायद्यात ही तरतूद आली आणि १ जुलै १९४६ पासून ती प्रत्यक्ष लागू झाली. आज १९८८ चा कायदा आहे. त्याच्या १४६ व्या कलमात हीच सक्ती आहे. विम्यावाचून गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा तेच घडले तर दंड ४,००० रुपये.

दंडाचे मी फार मनावर घेत नाही. दंड सरकारात जातो. मोडलेल्या हाडाला त्यातला एक पैसा मिळत नाही. खरा प्रश्न जखमी माणसाचा असतो. गाडीला विमा असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरण जी भरपाई ठरवील ती सामान्यतः कंपनी भरते. विमा नसेल तर तोच हुकूम मालकाच्या नावावर निघतो. आता मालकापाशी काहीच नसेल तर? हुकूम हातात आणि घरात अंधार, अशी गत होते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यांना सांगितले की, अपघातात सापडलेली विमा नसलेली गाडी मालकाने पुरेसे तारण दिल्यावाचून सोडू नये; वेळ पडल्यास तिचा लिलाव करून पैसे न्यायाधिकरणात भरावेत, असे नियम करा. चांगलेच केले. पण जुन्या स्कूटरच्या लिलावात येऊन येऊन किती येणार? इस्पितळाच्या चार दिवसांच्या बिलाला तरी ते पुरतील काय?

येथे आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. धडक देऊन पळून गेलेल्या आणि शेवटपर्यंत न सापडलेल्या गाडीसाठी सरकारची एक योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून तीत मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये आणि गंभीर इजा झाल्यास ५०,००० रुपये मिळतात. अर्ज प्रांताधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करावयाचा असतो. पण गाडी सापडली, मालक सापडला आणि विमा तेवढा नाही, तर ही योजना लागू नाही. म्हणजे माझा मुलगा पळाला असता आणि कधीच सापडला नसता, तर मावशींना सरकारातून काही मिळाले असते. तो थांबला, म्हणून त्यांचा सारा भार आमच्या घरावर आला. तो थांबला हेच योग्य झाले. पण कायद्यातली ही फट तुम्हाला माहीत असावी.

औषधोपचाराच्या बाबतीत मात्र त्यानंतर एक चांगली सोय झाली. ५ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने योजना जाहीर केली, तीप्रमाणे मोटार अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या इस्पितळात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळावयाचे. धडक देणाऱ्या गाडीला विमा असो वा नसो. आमच्या मावशींचा अपघात त्यापूर्वीचा, म्हणून त्यांना हा लाभ झाला नाही. तुमच्या ओळखीत कुणावर असा प्रसंग आला तर इस्पितळात पहिल्याच दिवशी या योजनेचे विचारा. आणि अपघात होताच ११२ ला फोन करा.

मावशींच्या इस्पितळाला १ लाख ६० हजार रुपये लागले. तीन महिने त्यांचा धंदा बंद राहिला. त्यांच्या भाच्याने न्यायाधिकरणात अर्ज केला. पुढे लोकअदालतीत आमची तडजोड झाली. माझ्या पाटल्या गेल्या, आमच्या यांची बँकेतली मुदतठेव मोडली. त्याच सुमारास मी चौकशी केली. दीडशे सी. सी. पर्यंतच्या अशा स्कूटरच्या थर्ड पार्टी विम्याचा दर २०२२ साली वर्षाला ७१४ रुपये ठरला होता, वर कर निराळा. महिन्याचे साठ रुपये! तेवढी शेवंती तर मी दर गुरुवारी मावशींकडूनच घेत होते.

पाटल्या गेल्याचे दुःख मी केव्हाच गिळले. मला झोप येत नसे ती निराळ्या विचाराने. मावशींना पैसे मिळाले, ते आमच्या घरात मोडावयास काही होते म्हणून, आणि तोंड चुकवावयास जागा नव्हती म्हणून. उद्या माझ्या घरातल्या माणसाला ज्याच्यापाशी काहीच नाही अशा कुणाच्या गाडीने उडवले, तर? समोरच्याच्या कपाटात कोणता कागद आहे हे आपल्या हाती नाही. आपल्या हाती आपले कपाट आहे. मला आज सांगावयाचे आहे ते एवढेच.

आपल्यापैकी कित्येकींची मुले अमेरिकेत आहेत. माझी भाची तिकडे असते. तिला मी ही हकीकत कळवली तेव्हा तिने तिकडची पद्धत सांगितली. तेथे गाडीवाल्याने निदान किती रकमेचा विमा घ्यावा हे प्रत्येक राज्य ठरवते, आणि ती रक्कम पुष्कळदा तोकडी पडते. कॅलिफोर्नियात एका जखमी माणसामागे ती १५,००० डॉलर होती; १ जानेवारी २०२५ पासून ३०,००० झाली. तिकडच्या इस्पितळाच्या खर्चापुढे तेही थोडेच. म्हणून तेथे आपल्याच पॉलिसीत एक निराळे कलम घेता येते. समोरच्याला विमाच नसेल, किंवा असून अपुरा असेल, तर त्याच्या ऐवजी आपलीच कंपनी आपल्याला भरपाई देते. न्यू हॅम्पशायर राज्याने १९५७ साली हे कलम पॉलिसीत असलेच पाहिजे असे प्रथम ठरवले, आणि मग इतर राज्यांत ते पसरले. कित्येक राज्यांत ते सक्तीचे आहे, कित्येकांत लेखी नकार देऊन सोडता येते. हप्ता थोडा कमी होतो म्हणून नव्याने गेलेली मुले ते सोडून देतात. तेव्हा मुलांशी बोलाल तेव्हा जेवलास का, थंडी किती, हे विचारून झाल्यावर एवढे विचारा की, "बाळ, तुझ्या पॉलिसीत समोरच्याला विमा नसला तर काय, ते कलम आहे ना? आणि रक्कम पुरेशी आहे ना?"

आपल्याकडे असे एकच कलम मिळत नाही. तेव्हा तेच संरक्षण निरनिराळे कागद जुळवून घरी उभे करावे लागते, जसे आपण डबा एकाच भांड्यात न भरता चार पुडांत भरतो.

पहिला पूड गाडीच्या फुल विम्याचा. थर्ड पार्टी विम्यात आपल्या गाडीच्या दुरुस्तीला काही मिळत नाही. विमा नसलेल्या कुणी आपली गाडी ठोकली तर फुल विमा असल्यास आपली कंपनी दुरुस्ती करून देते. मागे बसणाऱ्या बायकांनी तर हे नीट ऐकावे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली निर्णय दिला की, केवळ कायद्यापुरत्या थर्ड पार्टी पॉलिसीत दुचाकीच्या मागे फुकट बसलेल्या माणसाची जबाबदारी कंपनीवर येत नाही. आपण नवऱ्याच्या, मुलाच्या मागे बसूनच बाजारहाट करतो. तेव्हा एजंटाला स्पष्ट विचारा की, मागे बसणाऱ्याचे काय?

दुसरा पूड मालक-चालकाच्या अपघात विम्याचा. हा १५ लाखांचा असतो आणि मालकाने तो घ्यावा असा नियम आहे. चूक कुणाची, समोरच्याला विमा आहे की नाही, हे यात पाहत नाहीत. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास पूर्ण रक्कम, एक हात, एक पाय वा एक डोळा गेल्यास निम्मी. पण यात दोन अडचणी आहेत. साध्या मोडलेल्या हाडाच्या इस्पितळ खर्चाला यातून काही मिळत नाही. आणि हा विमा ज्याच्या नावावर गाडी आहे त्याचाच. गाडी यजमानांच्या नावावर आणि चालवता तुम्ही, तर हा विमा तुमचा नव्हे! आपल्या मंडळात निम्म्याहून अधिक जणी स्कूटर चालवत येतात. घरी गेल्यावर आर. सी. बुकावर कुणाचे नाव आहे ते पाहा, आणि तुमचे नसेल तर स्वतःच्या नावाने निराळा अपघात विमा घ्या.

तिसरा पूड आरोग्य विम्याचा. इस्पितळात पहिल्या दिवशी पैसे लागतात आणि न्यायाधिकरणाचा निकाल पुष्कळ उशिरा लागतो. मधला काळ आरोग्य विम्यावरच निभावतो.

चौथा पूड फार लहान, पण सर्वांना परवडण्यासारखा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षांच्या, बँकेत खाते असलेल्या कुणालाही वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचे संरक्षण मिळते. कायमच्या अंशतः अपंगत्वाला १ लाख. हे वर्ष १ जून ते ३१ मे असे धरतात. आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईंना, भाजीवालीला, फुलवालीला हा फॉर्म भरून देण्याचे काम आपले मंडळ एका दुपारी करू शकेल. आमच्या मावशींचा फॉर्म मी भरला. पण तो नंतर, आणि पाय मोडला होता तो आधी.

आता प्रसंग आलाच तर काय करावे, ते थोडक्यात सांगते. गाडीचा नंबर लिहून घ्यावा, शक्य तर फोटो काढावा. 'एम-परिवहन' या सरकारी ॲपवर नंबर घातला की त्या गाडीच्या विम्याची मुदत दिसते. पोलिसांत नोंद झालीच पाहिजे. "मिटवून टाकू, हे हजार रुपये घ्या" याला भुलू नये, कारण आतली इजा दुसऱ्या दिवशी कळते. गाडी विम्याविना असेल तर ती तारणाशिवाय सोडू नये, असा अर्ज लगेच द्यावा. भरपाईच्या अर्जाला कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे, तेव्हा दिवस घालवू नयेत. अर्ज आपण जेथे राहतो तेथल्या न्यायाधिकरणातही करता येतो. आणि वकिलाला पैसे कोठून आणू, असे कुणा बाईने म्हणू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना मोफत वकील मिळतो. १९८७ च्या कायद्याप्रमाणे त्याला उत्पन्नाची अट नाही.

अर्ज करताना आणखी एक ध्यानात ठेवा. "ती काही कमावत नव्हती, घरीच होती," असे घरातले लोकच बोलून जातात. सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाची किंमत भरपाईत धरावी असे वेळोवेळी सांगितले आहे. जानेवारी २०२१ च्या निकालात तर गृहिणीचे काल्पनिक उत्पन्न धरणे म्हणजे तिच्या श्रमाला दिलेली मान्यता होय, असे म्हटले. आपल्या कामाचे मोल न्यायालयाला कळले, आपण आपल्या तोंडाने ते कमी का सांगावे?

शेवटी आपल्या बाजूचे कर्तव्य. समोरच्याला विमा नाही म्हणून आपण रागावतो. पण आपणही कुणाचे तरी समोरचे असतो. विमा संपण्याची तारीख कॅलेंडरावर लाल शाईने लिहा, एकादशी आणि संकष्टीच्या बरोबरीने. जुनी गाडी विकली तर ती आर. सी. बुकावर घेणाऱ्याच्या नावे झाली की नाही ते पाहिल्याशिवाय स्वस्थ बसू नका. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की नोंदणी ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची, मग गाडी प्रत्यक्षात कुणीही वापरो. आणि लायसन नसलेल्या मुलाच्या हाती किल्ली देऊ नका. विम्याचा कागद खरा असला तरी अशा वेळी कंपनी दिलेले पैसे मालकाकडून वसूल करू शकते. वर अल्पवयीन मुलाच्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे तो निराळाच.

माझी एक सूचना आहे. दरवर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण लुटतो. त्या दिवशी प्रत्येकीने आपल्या घरच्या गाडीची पॉलिसी बरोबर आणावी, आणि शेजारणीने तिची तारीख वाचावी. शेजारणीच्या डोळ्यांतून काही सुटत नाही, हे तुम्ही जाणताच!

मावशी आता काठी टेकत येतात आणि देवळाच्या पायरीशी बसतात. आज या सभागृहात लावलेल्या माळा त्यांच्याकडूनच आणल्या आहेत. परवा त्यांच्याकडे माळा सांगावयास गेले तेव्हा त्यांनी मला विचारले, "वहिनी, पोराच्या गाडीचा कागुद काढला न्हवं?" मी काढला आहे म्हणून सांगितले, आणि पिशवीतून काढून दाखवलाही. त्यांना वाचता येत नाही. तरी त्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि कपाळाला लावून परत दिला.